छातीची न हलणारी बाजू

एमबीबीएस झाल्यावर मी नाशिकमधल्या एका रुग्णालयात मेडिसिन विभागात हाऊस पोस्ट करत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. माझं वय चोवीस. गळ्यातला स्टेथोस्कोप नवाकोरा होता आणि तो लोकांना दिसेल अशा बेतानं मी अडकवत असे. वॉर्ड पुरुषांचा, तीस खाटांचा. थंडी पडली की त्यातल्या निम्म्या खाटा छातीच्या पेशंटनी भरायच्या. कुणाला न्यूमोनिया, कुणाला दमा, कुणाच्या फुफ्फुसाभोवती पाणी झालेलं. सकाळी वॉर्डात शिरताना नुसत्या खोकल्यावरून कोण कसा आहे ते ओळखता आलं पाहिजे, असं आमचे सर म्हणायचे. मला ते जमायला लागलंय अशी माझी समजूत होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला पेठकडच्या डोंगरातून एक जीप आली. तिच्यातून चाळिशीच्या एका माणसाला दोघांनी धरून उतरवलं. शिडशिडीत, काटक अंगाचा माणूस. त्याला आडवं होता येत नव्हतं. खाटेवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो तोंडानं श्वास ओढत होता. दोन शब्द बोलला की थांबत होता. बरोबर त्याची बायको होती आणि तिच्या हातात वाटेतल्या कुठल्याशा दवाखान्यातली चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं: जुना दमा, श्वास वाढला आहे, पुढील उपचारांसाठी.

मी चिठ्ठी वाचली आणि माझं काम तिथंच संपलं. म्हणजे डोक्यातलं काम. बाहेर कडाक्याची थंडी होती, त्यानं सदऱ्यावर स्वेटर आणि वर घोंगडी घेतलेली होती. त्याला कशाला उघडा करायचा म्हणून मी पाठीमागून स्वेटरच्या आत हात घालून उजवीकडे स्टेथोस्कोप लावला. थोडी शिट्टीसारखी घरघर ऐकू आली. दम्यात येतेच. मी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर सुरू केला आणि केसपेपरवर 'दमा' असं ठसठशीत लिहिलं.

वीस मिनिटांनी पाहते तर तो जास्तच घाबरा झालेला. ओठ काळपट दिसत होते. मी दुसरं इंजेक्शन भरायला घेतलं, तेवढ्यात त्याची बायको माझ्याजवळ आली.

"बाई, ह्यांना दमा नाय."

"चिठ्ठीत लिहिलंय ना, जुना दमा."

"लिवलं आसंल. इचारलं कुनी नाय. दमा आसता तर ह्यांनी पावरी कशी वाजवली आसती?"

पावरी म्हणजे त्या डोंगरातलं फुंकून वाजवायचं वाद्य. वाळलेल्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढं शिंग. मार्गशीर्षात होणाऱ्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी सुरू झाली की मधे थांबत नाही. वाजवणारा गालात हवा धरून ठेवतो आणि त्याच वेळी नाकानं श्वास घेतो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त एवढंच विचारलं, "मग झालं काय?"

"चार दिस वाजवत व्हते. काल दुपारी वाजवता वाजवता छातीत सुरी घुसल्यावानी कळ आली आन् बसले. तवापासनं दम लागतोय." तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. आपण बोलावं की नाही याचा तिला अंदाज येत नसावा. "बाई, मी रातच्यापासनं ह्यांची छाती तेलानं चोळते. उजवी बाजू हाताखाली वर येते. डावी येत नाय. फुगून तशीच राहते."

खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला. वॉर्डात एकोणतीस पेशंट होते आणि आता ही बाई मला छाती तपासायला शिकवत होती. पण तिच्या बोलण्यात काहीतरी इतकं नेमकं होतं, की मी हातातली सिरिंज ठेवली आणि त्याचा स्वेटर, सदरा, बनियन, सगळं काढलं.

समोर उभी राहून मी पहिल्यांदाच त्याची छाती पाहिली. उजवी बाजू भराभर वर-खाली होत होती. डावी बाजू हलत नव्हती. बोटानं ठोकून पाहिलं तर डावीकडे रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. स्टेथोस्कोप लावला तर तिथं काहीच नाही, घरघरही नाही. गळ्यातली श्वासनलिका मधे असायला हवी, ती उजवीकडे सरकलेली. नाडी इतकी जलद की मोजताना चुकायला होत होतं.

फुफ्फुसाला कुठंतरी बारीक भोक पडतं, हवा बाहेर येते आणि फुफ्फुस व छातीची भिंत यांच्या मधे कोंडते. प्रत्येक श्वासाला थोडी थोडी वाढते, परत जायला वाट नसते. फुफ्फुस चेपून मुठीएवढं होतं आणि मग हृदयालाही ढकलायला लागतं. पुस्तकात हे मी तीन वेळा वाचलं होतं, परीक्षेत लिहून चांगले मार्कही मिळवले होते. आणि तेच समोर येऊन बसलं तेव्हा मी त्याच्या दुसऱ्याच बाजूला कान लावून मोकळी झाले होते.

वॉर्डच्या सिस्टर नाशिकरोडच्या होत्या. त्यांची वीस वर्षं नोकरी झालेली, आवाज कधी चढत नसे. मी काही बोलायच्या आत माझा चेहरा पाहून त्यांनी सरांच्या घरचा फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. सरांनी तीन प्रश्न विचारले. ठोकल्यावर आवाज कसा येतो, श्वासनलिका कुठं आहे, नाडी किती. मी सांगितलं.

"मोठी सुई घाल. आत्ता," सर म्हणाले.

"एक्स-रे काढून घेते सर, मग..."

"एक्स-रेला पाठवलंस तर तो तिथंच जाईल. सुई घाल."

"मी कधी घातली नाहीये सर."

"मग आज घाल. मी निघालो." आणि फोन ठेवला.

सिस्टरांनी ट्रे तयार ठेवलाच होता. त्या खाटेच्या पलीकडे उभ्या राहिल्या आणि माझ्याबरोबर बरगड्या मोजू लागल्या. "पहिली हाताला लागत नाही मॅडम, ही दुसरी. हिच्या खाली." गळ्याच्या हाडाखाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधे मी सुई टेकवली. टेकवून पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली. त्या माणसानं ते पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. मला वाटतं, ते माझ्यासाठीच केलं असावं.

सुई आत गेली आणि सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी हवा बाहेर आली. सुस्स असा लांब आवाज. तो पाच-सात सेकंद चालला असेल. त्या माणसाचे खांदे खाली आले. ओठांचा काळपटपणा हळूहळू गेला. मग त्यानं डोळे उघडले आणि स्पष्ट आवाजात, सगळं वाक्य एका दमात विचारलं, "ही हवा कुठनं सुटली?"

सिस्टर हसल्या. मी हसायच्या अवस्थेत नव्हते. सुई जागेवर धरून उभी होते.

सर पंधरा मिनिटांत स्कूटरवरून आले. त्यांनी डाव्या कुशीला जागा बधिर करून छातीत नळी घातली आणि तिचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या काचेच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. म्हणजे आतली हवा बुडबुड्यांवाटे बाहेर पडते, पण बाहेरची आत जाऊ शकत नाही. नळी टाक्यानं पक्की करून झाल्यावर सरांनी केसपेपर हातात घेतला. माझ्या ठसठशीत अक्षरातला 'दमा' त्यांनी वाचला. दोन्ही बाजूंची तपासणी लिहायची जागा कोरी होती, तीही पाहिली.

"मग ओळखलं कोणी?"

'मी' म्हणता आलं असतं. छाती ठोकून मीच पाहिली होती, फोनवरही मीच बोलले होते. सिस्टर गॉझ गुंडाळत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

"त्यांच्या मिसेसनी, सर," मी म्हणाले.

सरांना वाटलं मी गंमत करतेय. मी सगळं सांगितलं. मग सर त्या बाईकडे गेले. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, ती गडबडीनं उठली.

"ताई, तुम्हाला कसं कळलं ते या डॉक्टरांना दाखवा बरं."

तिला आधी वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मग तिनं नवऱ्याच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले, अंगठे मधे जुळवून. तो श्वास घेताना त्याच्या उजव्या बाजूवरचा तळवा वर सरकला, डाव्या बाजूवरचा थोडा मागे राहिला. "आता डावी बी हालतीय थोडी," ती म्हणाली. सरांनी मला माझे हात ठेवायला लावले. तिनं माझे अंगठे धरून जागेवर आणले. पुस्तकात छाती तपासायची हीच पद्धत दिली आहे, चित्रासकट. मी ती तेल लागलेल्या तळव्यांच्या त्या बाईकडून शिकले.

पुढचे आठ दिवस तो माणूस आमच्या वॉर्डात होता. थुंकीची तपासणी तीन वेळा झाली, टीबी निघाला नाही. नळी असेपर्यंत त्यानं बाटली घेऊन शौचालयापर्यंत जायचं, पण बाटली कायम छातीच्या खाली धरायची, एवढंच शिकवावं लागलं. बाकी त्या बाटलीचं त्यालाच माझ्याहून जास्त कळत होतं. वाद्य तो स्वतः बनवायचा. बांबू भोपळ्यात बसवायचा आणि जोड मेणानं बंद करायचा. मेणाला केसाएवढी चीर गेली तरी सूर पळतो, म्हणे. त्यामुळे राऊंडला सरांनी "काय म्हणतेय बाटली?" असं विचारलं की तो तपशीलवार सांगायचा. काल साध्या श्वासाला बुडबुडे येत होते, आज फक्त खोकल्यावर येतात. नळीतलं पाणी श्वासाबरोबर चार बोटं चढतं-उतरतं. सर माझ्याकडे वळून म्हणायचे, "लिहून घ्या. याच्यापेक्षा चांगली नोंद तुम्ही काही करणार नाही."

त्याच्या शेजारच्या खाटेवर एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते. उजव्या फुफ्फुसाचा न्यूमोनिया. ताप उतरला होता, पण श्वास घेतला की बरगडीत कळ यायची म्हणून ते श्वासच पुरता घेत नव्हते. खोकलाही दाबून धरायचे. त्यामुळे कफ साचून राहायचा. सरांनी त्यांना एक अर्धी भरलेली सलाईनची बाटली आणि रबरी नळी दिली. दिवसातून दहा वेळा नळीनं पाण्यात फुंकायचं आणि बुडबुडे काढायचे. हेडक्लार्कांनी ती बाटली टेबलावर ठेवली आणि वर टॉवेल टाकला.

"हा पोरखेळ मला सांगू नका," ते मला म्हणाले. "औषध असेल ते लिहून द्या."

आमच्या पावरीवाल्याला मात्र फुंकायची सक्त मनाई होती. फुफ्फुसावरची चीर भरून येईपर्यंत जोर लावायचा नाही. त्यामुळे हातात बाटली असून न फुंकणारा माणूस बघणं त्याला सहन होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी औषधांची यादी करत होते, तर पलीकडून ऐकू आलं.

"साहेब, गालानं फुकताय. पोटातनं फुका."

"तू तुझं बघ," हेडक्लार्क म्हणाले. म्हणजे टॉवेल निघाला होता.

"उशी घ्या. दुखतं तिथं दाबून धरा आन् मग खोका. कमी दुखंल."

मी लक्ष नसल्यासारखं दाखवत बसले. थोड्या वेळानं बुडबुड्यांचा आवाज आला, मग उशी बरगडीशी धरून एक दणदणीत खोकला, आणि दोन दिवस अडकून बसलेला कफ बाहेर आला. हेडक्लार्क घामाघूम होऊन पडून राहिले. मग पावरीवाल्याला म्हणाले, "पाणी द्या जरा." 'दे' नाही म्हणाले, 'द्या' म्हणाले. दोन दिवसांनी ते त्याला वस्ताद म्हणायला लागले. फुंकायच्या वेळा ते एका वहीत तासवार लिहून ठेवत आणि राऊंडला वही पुढं करत.

सहाव्या दिवशी दुपारी एक घोळ झाला. बुडबुडे जवळजवळ थांबलेले होते, नळी काढायचा विचार चालला होता. उरलीसुरली हवा ओढून घ्यायला त्या दिवशी बाटलीला सक्शनचं यंत्र लावलं होतं. आणि अचानक बाटली उकळल्यासारखी वाजायला लागली. बुडबुड्यांवर बुडबुडे. फुफ्फुसाला पुन्हा भोक पडलं, आता ऑपरेशनपर्यंत जातंय की काय. मी फोनकडे निघाले.

"बाई, जरा थांबा," तो म्हणाला. तो शांत बसला होता, मान तिरकी करून ऐकत होता. "ही माझ्यातली नाय."

"म्हणजे?"

"माझ्यातली आसती तर माझ्या श्वासाबरबर आली आसती. ही तर उगंच चाललीय." त्यानं छातीजवळ नळी दोन बोटांनी घट्ट चिमटली. बुडबुडे तसेच चालू. मग हात थोडा खाली सरकवून चिमटली. चालू. रबरी नळी जिथं काचेच्या तुकड्याला जोडलेली होती, त्याच्या पलीकडे चिमटली, आणि बाटली गप्प झाली.

"हितं," तो म्हणाला. "जोड ढिला झालाय. मेण हाय का?"

मेण नव्हतं. सिस्टरांनी चिकटपट्टी आणली, मी जोड घट्ट बसवून वर चार वेढे दिले. त्यानं बोट फिरवून पाहिलं, पाचवा वेढा द्यायला लावला. मी त्याच्या पाठीला दोन्हीकडे स्टेथोस्कोप लावला. दोन्हीकडे श्वास येत होता, सारखा. हेडक्लार्क खाटेवर उठून बसले होते. "वस्ताद, हे लेखी स्वरूपात सरांना कळवलं पाहिजे," ते म्हणाले. कळवलंही त्यांनीच, दुसऱ्या दिवशी राऊंडला, उभं राहून.

नळी निघाली त्या दिवशी सरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि नवरा-बायको दोघांना दाखवला. नळी घातल्याबरोबर काढलेल्या पहिल्या फिल्ममध्ये डावी बाजू अजून बरीच काळी होती आणि कोपऱ्यात चेपलेलं फुफ्फुस. दुसऱ्या फिल्ममध्ये ते बरगड्यांपर्यंत भरून आलेलं. बाईनं दोन्ही फिल्म आलटून पालटून पाहिल्या आणि समाधानानं मान हलवली.

"बिडी बंद," सर म्हणाले. "कायमची."

"व्हय."

"आणि पावरी..." सर थांबले. "हे वाजवण्यामुळंच झालं असं मी म्हणू शकत नाही. बिडी आहे, हाडाची ठेवण आहे, काही वेळा कारण सापडतच नाही. मला नक्की माहीत नाही. पण सहा महिने वाजवू नका. नंतर तपासून ठरवू."

वॉर्डात इतक्या सरळपणे 'मला माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहत होते. मग त्या माणसानं विचारलं, "बनवली तर चालंल? वाजवणार नाय. सूर लागतो का तेवढं बघणार."

"कोणाकडून तरी वाजवून घ्या," सर म्हणाले. बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

तो दर दोन महिन्यांनी तपासणीला यायचा. चौथ्या महिन्यातच बायकोनं सांगून टाकलं, की दार लावून घेऊन हळू हळू वाजवतात. सर चिडले नाहीत. छाती नीट तपासली, एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, "वाजवून झालंच आहे, तर कसं वाटलं तेही सांगा." तो म्हणाला, पहिल्यासारखा लांब दम अजून जमत नाही. सरांनी बजावलं, छातीत कळ आली तर तिथंच थांबायचं आणि सरळ इकडे यायचं. पण तशी वेळ पुन्हा आली नाही. बिडीही सुटली, एवढी की गावच्या बैठकीत त्याच्याजवळ बसून कुणी ओढली तर तो उठून जायचा, असं ती सांगे.

मी पुढं छातीच्या विकारांतच शिक्षण घेतलं आणि नाशिकमध्येच दवाखाना काढला. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका सकाळी ते हेडक्लार्क माझ्याकडे आले. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, पण चालणं ताठ. किरकोळ खोकला होता. मी दोन्ही बाजू तपासल्या. फुफ्फुसं वयाच्या मानानं उत्तम होती.

"असणारच," ते म्हणाले. "दर मार्गशीर्षात डोंगरात जातो. वस्तादांकडे दहा-बारा दिवस मुक्काम. नागलीची भाकरी, तांदळाची पेज, आणि वाजवणं ऐकायचं. ही पाचवी खेप."

"तुम्हाला आवडतं ते?"

"पहिल्या वर्षी कळलं नाही काही. दुसऱ्या वर्षी वस्ताद म्हणाले, सूर ऐकू नका, श्वास कुठं घेतो ते ओळखा. अजून ओळखता आलेलं नाही. वही केली आहे." त्यांनी खिशातून खरंच एक छोटी वही काढून दाखवली. पानावर उभ्या-आडव्या रेघा मारून रकाने पाडलेले होते, काहींत खुणा, बरेच रिकामे.

मी खोकल्याचं औषध लिहून दिलं आणि आठ दिवसांनी दाखवायला या म्हटलं. ते म्हणाले, पंधरा दिवसांनी येईन, कारण पेठची गाडी अकराला सुटते आणि बायको ठक्कर बाजारच्या स्टँडवर पिशव्या घेऊन उभी आहे; या खेपेला तीही येतेय.